जाकाच्या आवाजाची पेटी

“हाही नको,” म्हातारा विर्यो म्हणाला आणि दुकानदार लियोंगने कपाळाला हात लावला.

मलांगच्या बाजारात स्पीकरचे सुटे संच घ्यायचे तर लियोंगकडेच. भोंगे, तारा, कापलेल्या फळ्या, सगळं एका खोक्यात. घरी न्यायचं आणि आपल्या हाताने जोडायचं. जोडलेले नमुने फळीवर मांडलेले असत. विर्योचा जाका नावाचा मुराई जातीचा गाणारा पक्षी मेला होता. पाखरांच्या गाण्याच्या शर्यतीत, मैदानात जाकाने गळा उघडला की पंच शिट्टी फुंकायला विसरत. आता ते गाणं नखाएवढ्या मेमरी कार्डात उरलं होतं. विर्योने ते मोबाईलवर लावलं तेव्हा बायको म्हणाली, हा जाका नव्हे, डब्यात कोंडलेला बेडूक आहे. त्या दिवसापासून ती गाणं ऐकायला ओसरीवर आली नव्हती. विर्यो तिला जाका परत ऐकवणारच होता.

अडचण एकच होती. साखर कारखान्याच्या खडखडत्या चरकापाशी विर्योचा जन्म गेलेला. बारीक सूर त्याच्या कानांना कळत नव्हते. म्हणून सूर पारखायला त्याने शेजारी तुकिरानचा मुराई, गुंतुर, पिंजऱ्यासकट मागून आणला होता. फुकटचा तमाशा बघायला तुकिरानही मागोमाग आला होता.

स्पीकरच्या प्रत्येक जोडीवर जाकाचं तेच गाणं लागत होतं. पहिली जोडी अशी दांडगी, की लग्नात वाजली तर पलीकडच्या गावची कौलं उतरावीत. समोरच्या टपरीवर बाक्सोच्या, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या, वाडग्यांत रश्श्याला लाटा आल्या. गुंतुर तिच्यावर ताण करून गायला. दुसऱ्या जोडीवर तर त्याने नवी तान घेतली. लियोंगने विचारलं, पाखरू गातंय, अजून काय त्याने नाचून दाखवायचं?

“लियोंग को, त्यांना संच नकोय,” तुकिरान म्हणाला. “मेलेलं पाखरू हवंय. आहे का शिल्लक?”

विर्योने न हसता कोपऱ्यातल्या धुळकट जोडीकडे बोट केलं. शिकाऊ पोरांचा माल, कागदी भोंगे, तो कोणी नेत नाही, असं सांगत, कुरकुरत लियोंगने तारा जोडल्या.

जाकाची पहिली लकेर उमटली. गुंतुर अर्ध्या तानेत थांबला. पिसं कापसासारखी फुगली. तो सरकत सरकत दांडीच्या टोकाला गेला आणि मान आत घेऊन बसला.

लियोंग ओशाळून तारा काढायला धावला. “माफ करा, विर्यो म्बाह. पाखराने तोंडच मिटलं.”

विर्योने त्याचं मनगट धरलं.

“हाच संच बांध. मैदानात शेजारी जाका टांगला, की गुंतुर असाच बसायचा.”

यावर तुकिरान काहीतरी बोलेल असं लियोंगला वाटलं. पण जाकाला स्वतःच्या हाताने पुरून आलेला तोच शेजारी हळूच वाकला आणि पेटीच्या मागे डोकावून बघू लागला.