दसऱ्याचा दोरा

पहिली बंदूक टेबलावर आली, तिला दोरा नव्हता.

बाकावर बसलेला बुद्धभूषण पुढं सरकला. हाच तो. बंदूक होती साखर कारखान्याचा संचालक यशराज याची. यशराजनं सही केली आणि मिशीवरून हात फिरवत बाजूला जाऊन उभा राहिला. हवालदार श्रद्धानं मान वर न करता वहीत लिहिलं : बारा बोर, दुनळी, एक.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा नियमच. म्हणून आज तालुक्याच्या बंदूक परवानाधारक संघाची मंडळी आली होती. सभासद सात, सातही पुढारी, आणि पक्ष चार. सभेत एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढणारे हे लोक दसऱ्याला मात्र एकाच सतरंजीवर बंदुका मांडत, पूजा करत आणि काडतूस भरायला नळी जिथं खाली वाकवतात त्या सांध्यावर लाल-पिवळा दोरा बांधत. तो पुढच्या दसऱ्यालाच सोडायचा. दोरा तोडल्याशिवाय बंदुकीत काडतूस जात नाही. बुद्धभूषणला हे ठाऊक होतं, कारण पूजेला माइक आणि स्पीकर त्याचेच असायचे.

गुरुवारी संध्याकाळी त्याच्या दारावर बार झाला. फळीत सतरा छर्रे रुतले, त्यातले खालचे तीन त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या उंचीवर. तो जिल्हा परिषदेला राखीव नव्हे, खुल्या जागेवर उभा होता, आणि ते बऱ्याच जणांच्या घशाखाली उतरत नव्हतं. छर्ऱ्यांवरून बंदूक ओळखता येत नाही, असं श्रद्धा म्हणाली होती. दोऱ्यावरून येईल, असं तो म्हणाला होता.

ही दोऱ्याची गोष्ट त्यानं दोघांनाच सांगितली होती. एक श्रद्धा. दुसरे आत्ता त्याच्या शेजारी बसलेले आप्पासाहेब, संघाचे अध्यक्ष. बार झाल्यावर धावत आलेला मोठा माणूस म्हणजे तेवढे एकच. माघारीचा अर्जसुद्धा त्यांनीच भरून आणला होता. सही तेवढी बाकी होती. मुदत तीनपर्यंत, आणि तहसील कचेरी रस्त्यापलीकडेच.

"पोरगी हाय तुला, गड्या," आप्पासाहेब हळूच म्हणाले. "इलेक्शन काय, पुढच्या येळेला बी हाय."

"आवं, जरा थांबा की. यशराजच्या बंदुकीला दोरा न्हाई. बघितलं न्हवं?"

"बगू की."

दुसरी बंदूक आली. माजी सभापती ज्योतिबाची, म्हणजे यशराजच्या हाडवैऱ्याची. तिलाही दोरा नव्हता. तिसरीलाही नाही. चौथी, पाचवी, दोन्ही तेलपाणी करून चकाकत होत्या. सहावी खुद्द आप्पासाहेबांची. ते उठले, सही करून परत येऊन बसले. त्यांच्याही बंदुकीचा सांधा मोकळाच होता.

एका बंदुकीवर संशय घेता येतो. सहांवर कसा घेणार? बुद्धभूषणनं श्रद्धाकडे पाहिलं. ती अजून वहीतच डोकं घालून होती. हिनंच फोडलं, त्याला वाटलं. खाकी शेवटी त्यांचीच. त्याला रागापेक्षा लाजच जास्त वाटली, आपण इतके भाबडे कसे म्हणून.

"आणा तो अर्ज," तो म्हणाला. आप्पासाहेबांनी अर्ज त्याच्या मांडीवर ठेवला आणि स्वतःचं पेन काढून दिलं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली आणि नगरसेवक भरतेशअण्णा घाईघाईनं आत आले. द्राक्षांचे व्यापारी. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही न घेणारा हा माणूस. बंदूक वडिलांची, बागेतली पाखरं उडवायला घेतलेली, आणि पाखरंसुद्धा तिला कधी भ्यायली नव्हती. अण्णांनी बंदुकीला गुंडाळलेली चादर सोडली. सांध्यावर लाल-पिवळा दोरा जसाच्या तसा होता. गाठीत झेंडूची एक वाळकी पाकळीही अडकलेली.

यशराज उगाच खाकरला. ज्योतिबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. आणि आप्पासाहेबांच्या तोंडून निघून गेलं,

"अण्णा, निरोप मिळाला न्हाई व्हय तुमास्नी?"

"कसला निरोप? मोबाईल चार्जिंगला हुता."

मग अण्णांनी टेबलावरच्या सहा बंदुका पाहिल्या. एकेक करून पाहिल्या. मग बाकावरच्या बुद्धभूषणकडे पाहिलं आणि नजर लगेच काढून घेतली. गावात राहायचं होतं, दुकान चालवायचं होतं, पुढची निवडणूक त्यांनाही होती. त्यांनी गाठीला नख लावून पाहिलं. गाठ सुटेना. तेव्हा ते वाकले आणि दोरा दातांनी तोडला.

"जुना झालता," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

दोरा फरशीवर पडला. श्रद्धाचं पेन थांबलं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली आणि सरळ आप्पासाहेबांकडे पाहिलं.

आप्पासाहेब घड्याळ बघत उठले. "पावणेतीन झाले. कर सही अन् चल."

बुद्धभूषण उठला. आप्पासाहेब दाराकडे निघाले, पण तो टेबलाकडे गेला. त्यानं वाकून दोरा उचलला, सहीची जागा कोरीच राहिलेल्या अर्जाची पुडी केली, दोरा तिच्यात ठेवला आणि पुडी श्रद्धापुढं सरकवली.

"मॅडम, बंदुका काय, निकाल लागला की ज्याच्या त्याला परत जातील. एवढं जमा करून घ्या. आन् पावती माज्या नावानं फाडा."