ताकदभाऊचा बिल्ला

संस्थेच्या मॅडमनी टेबलावर बिल्ले मांडले. डावीकडं भाऊ, उजवीकडं बाया.

"ज्याचा स्वभाव जसा, तसा त्याचा बिल्ला. आपल्या आईला, बाबांना लावायचा आणि का लावला ते माईकवर सांगायचं. कळलं ना बाळांनो?"

न कळायला काय झालं! संस्थेनं वाटलेली ती चित्रांची पुस्तकं वाडीतल्या पोरांनी पार चोथा होईस्तोवर वाचली होती. भावांमध्ये ताकदभाऊ, अक्कलभाऊ, धाडसभाऊ. बायांमध्ये लाजरीबाई, बडबडीबाई, नटवीबाई, रडूबाई. ज्या कुणी शहाण्यानं ही लिहिली, त्याच्या घरात पाण्याचे हंडे कोण उचलतं देव जाणे.

चिंधी शाळेच्या ओट्यावर अगदी पुढं बसली होती. मांडीवर चुंबळ. वाडीतल्या बायका रोज डोंगर चढून माथेरानला जातात आणि पाव्हण्यांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलांत पोचवतात, त्यातलीच ती. शनिवार म्हणजे कमाईचा दिवस, तरी तिनं आज अर्धा दिवस मोडला होता. कारण साधं होतं. पुस्तकातला ताकदभाऊ पहिल्याच पानावर डोक्यावर बॅग घेऊन उभा आहे. एकच बॅग, तीपण लहानशी, आणि तेवढ्यात गडी घामाघूम! ते चित्र बघून तिची भाग्यश्री म्हणाली होती, "आये, याच्यापरीस तूच भारी हायस. ह्यो बिल्ला मी तुलाच लावनार."

चिंधीला आजवर कुणी भारी म्हटलं नव्हतं. तिला राहवलं नाही, तिनं शेजारच्या जिजाला सांगून टाकलं. जिजानं ते सगळ्या बायकांना सांगितलं.

"मिरव बाई आज," जिजा तिला कोपरानं ढोसत म्हणाली. "उद्या तुज्या बॅगा आमालाच उचलायला लावशील."

"गप गं," चिंधी म्हणाली, पण हसू काही आवरत नव्हतं.

पलीकडं तिचा नवरा पदू बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून. पदू एका फार्महाऊसवर माळी आहे. फार गरीब स्वभावाचा माणूस, असं सगळी वाडी सांगते. झाडाला पाणीपण हळू घालतो म्हणे.

भाग्यश्रीचं नाव पुकारलं. पोरगी उठली, सरळ ताकदभाऊ उचलला आणि आईकडं धावली. चिंधीनं पदर सारखा करून खांदा पुढं केला.

"अगं अगं, सोनू, थांब!" मॅडम हसत हसत आल्या. "तो भाऊ आहे ना? भाऊ बाबांना लावायचा. आईला बायांमधला."

"पन आयेच उचलते मॅडम. लय उचलते."

"हो गं राणी, पण चित्रात बघ, याला मिशी आहे की नाही? आईला कुठं असते का मिशी?"

सगळे हसले. पदू जरा जास्तच हसला.

चिंधी धीर करून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की मॅडम. मिशी तर मिशी."

"ताई, मुलांचा गोंधळ होतो हो अशानं," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या आणि पोरीला खांद्याला धरून त्यांनी बापाकडं वळवलं.

मेली ती मिशी! चिंधीला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. तिनं मान खाली घातली आणि चुंबळीचा सुटलेला पीळ उगाचच आवळत बसली.

भाग्यश्रीनं हातातल्या बिल्ल्याकडं बघितलं. एकदा बापाकडं बघितलं, एकदा आईकडं. मग गणित सुटल्यासारखा तिचा चेहरा खुलला. तिनं ताकदभाऊ बापाच्या सदऱ्याला लावला, पळत टेबलाकडं गेली आणि दुसरा बिल्ला आणून आईच्या पदराला टोचला. रडूबाई.

जिजानं तोंड फिरवलं. चिंधी पोरीकडं बघतच राहिली. हीपण त्यांच्यातलीच झाली, असं तिच्या मनात आलं.

"व्वा! शाब्बास! आता का ते सांग."

भाग्यश्रीनं माईक दोन्ही हातांनी धरला. पाठ केलेली कविता म्हणावी तशी ती घडाघडा बोलली.

"आमच्या आयेच्या डोक्यावर तीन तीन बॅगा देतात, तरी आये खाली बसत नाय. बाबानं एक फटका दिला की लगेच बसते. म्हनून बाबा ताकदभाऊ." तिनं श्वास घेतला. "आनि मंग आये लय येळ रडते. म्हनून आये रडूबाई."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मॅडम म्हणाल्या, "छान... बरं, पुढचं कोण?" पण पुढं कुणी आलं नाही.

पदूनं घाईघाईनं सदऱ्याला हात घातला. टाचणी सुटेना.

"काडू नको," चिंधी म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "पोरीनं लावलाय."

पदूचा हात खाली आला. चिंधीनं भाग्यश्रीच्या डोक्यावरून हात फिरवला, चुंबळ उचलली आणि डोंगराची वाट धरली. अर्धा दिवस अजून शिल्लक होता.

जिजा धापा टाकत मागनं आली. "चिंधे, रातच्याला लय मारंल गं तो तुला."

"मारंलच की," चिंधी चालता चालता म्हणाली. "आता तर त्याला बिल्ला बी दिलाय."