आत चौदा, बाहेर पंधरा

"आत आले चौदा आणि बाहेर गेले पंधरा! हा कुठला हिशेब, थांडेका?"

लोगा पाथरने वही टेबलावर आपटली. पाच वाजून गेले होते. 'घर बघायला या' ही कोपऱ्यावरची पाटी काढून थांडेका नुकतीच व्हरांड्यात टेकली होती.

घर आठ महिने विकलं जात नव्हतं. जाणार कसं? आलेल्या गिऱ्हाइकाला फाटकाबाहेरच उभं करून, नाव काय, कुठून आलात, कुणी पाठवलं, असं विचारून लोगाआंटी आल्या पावली परत पाठवायची. डर्बनसारख्या शहरात एकटी विधवा, त्यात दोनदा घरफोडी झालेली. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. जोहान्सबर्गचा मुलगा "आई, ये आता इकडे" म्हणून म्हणून थकला होता. शेवटी घराची दलाली करणाऱ्या थांडेकाने एक रविवार मागून घेतला. दोन ते पाच घर उघडं, ज्याला बघायचं त्यानं यावं. आंटीने अट घातली: येताना सही, जाताना सही. आणि एक जरी माणूस वावगा दिसला, तर पुन्हा हे फाटक कुणासाठी उघडणार नाही, घर विको न विको.

बघण्याच्या वेळी मालकिणीने घरात थांबायचं नसतं, म्हणून ती समोरच्या शेजारणीच्या ओट्यावर तीन तास डोळ्यांत तेल घालून बसली होती.

"तो तपकिरी कोटवाला म्हातारा बघितलास? घर घेणारा माणूस आधी स्वैपाकघरात जातो, नळ सोडून बघतो. हा मेला सरळ मागच्या अंगणात! काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. कोयताच असणार. बाहेर पडताना एकटाच पुटपुटत होता, आणि मग फाटक धरून उभा राहिला चांगला मिनिटभर. साथीदाराला खुणावत होता. तोच तुझा पंधरावा!"

"आंटी, ते घर बघायला आले नव्हते."

"बघ! मी काय म्हणत होते?"

आंटी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तरातरा आत गेली. कपाटं उघडली, पलंगाखाली वाकली, न्हाणीघराचा पडदा ओढला. कुणी नव्हतं. तरी समाधान होईना. कुणी नाही म्हणजे कुणीतरी फारच हुशार आहे, असं तिला वाटलं.

"पंधराव्याचं नाव लिहिलंय ना," थांडेका म्हणाली. "ते तरी वाचा."

आंटीने चष्मा लावला. दुदूझिले म्बाथा. 'बाहेर' खाली चार वाजून दहा. 'आत'ची चौकट रिकामी.

"कोण ही? असलं नाव मी जन्मात ऐकलं नाही."

"तुमच्या मागच्या खोलीत राहायची. एकोणीस वर्षं."

"मागच्या खोलीत मेरी राहायची. धुणंभांडी, मुलाचं सगळं तीच बघायची. जाऊनही वीस-बावीस वर्षं झाली तिला."

थांडेकाने त्या नावावर बोट ठेवलं. आंटीने पुन्हा वहीत बघितलं.

"तो तिचा भाऊ," थांडेका हळू आवाजात म्हणाली. "कोयता नव्हता आंटी, काटेरी झाडाची फांदी होती. माणूस जिथं वारलं तिथं जाऊन त्याला हाक मारायची, चल म्हणायचं, आणि फांदीसोबत घरी न्यायचं. नाहीतर ते तिथंच अडकून राहतं. आमच्यात असतं हे. घर विकलं की नवे मालक त्यांना कशाला आत घेतील? कोपऱ्यावर पाटी दिसली, आणि आले. आत येतानाच त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. पण नेणाऱ्याने वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं. मी जाताना सही मागितली, तर त्यांनी मुकाट्याने दोन नावं लिहिली. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

आंटी खुर्चीवर बसली. मेरी गेली त्या महिन्यात हाच माणूस तीनदा फाटकाशी आला होता. तेव्हाही काखेत असंच गुंडाळलेलं काहीतरी होतं. "आमचं घर म्हणजे काय प्रदर्शन आहे, कुणीही यावं नि बघून जावं?" असं तिच्या नवऱ्याने ओरडून सांगितलं होतं. तरी तिसऱ्या वेळी नवरा उठला होता, कुलूप काढायला. पडद्याआडून त्याची बाही कुणी ओढली होती, ते लोगाला चांगलं आठवत होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती कुठं लपवावी ते कळेना.

तिने पेन उचललं. ती कामाला आली तेव्हा मुलगा पाळण्यात होता. त्या नावापुढच्या रिकाम्या चौकटीत तिने लिहिलं: १९८१. मग बोट ठेवून सगळी नावं पहिल्यापासून मोजली.

"पुढच्या रविवारी पाटी लावू ना?" थांडेकाने भीतभीतच विचारलं.

"लाव."

थांडेका उठली आणि आंटीने शिकवल्याप्रमाणे तीनही कुलपं घेऊन फाटकाकडे निघाली.

"थांब," आंटी म्हणाली. "राहू दे जरा उघडं. गुडघे धरायचे तिचे. हळू चालते ती."