तेल उतरलं

“ओढ्यात सोडून देऊ, बाई. आपोआप वाहून जाईल,” जुनी टाकी मोडायला आलेला ठेकेदार म्हणाला. डोंगरावरच्या बंद पडलेल्या रुग्णालयाच्या बॉयलरची टाकी गंजली होती आणि तिच्यात काळं तेल तसंच साचून होतं.

“त्या ओढ्याचं पाणी आमचं गाव पितं,” सरपंच मंदाताई ढेबे म्हणाल्या. “तेल टँकरनेच जाईल, परवाना असलेल्या कारखान्यात.”

“टँकर वर येणार कसा? जुना रस्ता तर पावसात कधीच वाहून गेलाय.”

“करू.”

आठवडाभर अख्खं गाव फावडी घेऊन राबलं आणि टँकर हेलकावे खात टाकीपाशी पोचला. पण गारठ्यात तेल थिजलं होतं, पंपाला ओढवेना. ठेकेदाराने टाकीखाली जाळ करायला काटक्या रचल्या. मंदाताईंनी त्या पायाने उधळून लावल्या. “भडका उडेल. ऊन चढू द्या.”

भर दुपारी पाइप थरथरला आणि तेल टँकरमध्ये पडू लागलं. संध्याकाळी मंदाताईंनी टाकीवर थाप मारली, तेव्हा ती घंटेसारखी वाजली. एक थेंबही सांडला नव्हता. गावाने हलगी वाजवत टँकरला वेशीपर्यंत पोचवलं.

“ताई, पलीकडच्या गावात अशीच टाकी आहे,” ठेकेदार म्हणाला. “आधी तुम्हाला विचारतो, मगच हात लावतो.”