पायरीवरचं पाणी

"पाणी कुठं गेलं ते सांग," आई म्हणाली आणि मुलीच्या खांद्यावर भार देऊन तिनं तिला ओढ्याच्या काठावर बसवलं.

मुलगी बसली, पण वाळूकडे बघेना.

पाच दिवसांपूर्वी, पहाटेच्या अंधारात, बाप ओढ्याकाठच्या छपराकडे गेला होता. नदीला पूर येतोय असं लोक म्हणाले, आणि छिन्न्या-हातोडे वाहून जाऊ देईल तो पाथरवट कसला? उजाडलं तेव्हा छप्पर नव्हतं, बापही नव्हता. शोधपथक ओढ्याच्या मुखापासून खाली नदीकाठानं निघालं. "पाणी काय चढ चढतं होय?" प्रमुख म्हणाला होता. खालच्या अंगाला वस्ती होती. पुरातून दोघांना तिकडे जिवंत ओढून काढलं होतं. म्हणून आई रोज सकाळी तिकडच्या दवाखान्यांना फोन लावायची; रंग, उंची, डाव्या अंगठ्याचं तुटलेलं नख, सगळं सांगायची.

ओढ्याच्या वरच्या अंगाला माणूसच नव्हतं. होती फक्त बंद पडलेली खाण, तीन बाजूंनी कडे, मध्ये दोन पुरुष खोल पाणी. बापानं उमेदीची वर्षं तिथंच घालवली. उंबऱ्यापुढची पायरीही त्यानं तिथूनच आणली होती, वाळूच्या दगडाची, वर लाटांसारख्या वळ्या असलेली.

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असताना मुलीनं आईला त्याच पायरीवर बसवलं होतं. "हा दगड एकेकाळी पाण्याखालची वाळू होता. बोट फिरव. एका बाजूनं हळू चढ लागतो, दुसऱ्या बाजूला एकदम उतार. पाणी चढाकडून यायचं आणि उभ्या बाजूकडे जायचं. साठ कोटी वर्षं झाली, पण दगडानं दिशा सोडली नाही." आईनं भाजी निवडता निवडता बोट फिरवलं होतं. बाप हसला होता. "या पाताळबाईला विचारा, कुठला समुद्र कधी आटला! घराची किल्ली कुठं ठेवली ते मात्र विचारू नका."

आता मुलीनं मान वळवली. ओल्या वाळूवर तशाच वळ्या होत्या. उभी बाजू खाणीकडे.

तिनं दुसरी जागा पाहिली. तिसरी पाहिली. खिशातल्या पट्टीनं वाळूची कड उभी कापली. आतले पातळ थरही वरच्याच अंगाला कललेले. सगळ्यावर गाळाची गुळगुळीत साय. म्हणजे नदी फुगली, ओढ्यात उलटी घुसली, वर चढत गेली. मग तुंबून थांबली आणि गाळ खाली बसवून हळूच ओसरली. ओसरताना तिनं एक वळीसुद्धा मोडली नव्हती. दुसरा कुठलाच अर्थ निघेना. तिनं तो जीव तोडून शोधला.

"साठ कोटी वर्षांचं वाचतेस," आई म्हणाली, "हे तर पाच दिवसांचं आहे."

"ओलं आहे गं अजून. नीट कळत नाही."

"बघ तरी."

मुलीनं पट्टी खिशात घातली. आईचा फोन पदरात बांधलेला होता. त्याच्या चौकोनी फुगवट्याकडे ती बघत राहिली.

"खाली गेलंय, आई," ती म्हणाली. "नदीकडे. खालच्या वस्तीकडेच."

गुडघ्यांवर हात टेकून आई हळूहळू खाली बसली. मुलीनं न कापलेल्या एका वळीवर तिनं बोट ठेवलं. नदीच्या बाजूनं ते सावकाश वर चढलं आणि खाणीच्या बाजूला एकदम खाली घसरलं. तिनं पुन्हा फिरवलं. साय फाटून बोटाला गाळ लागला.

"परवा मी एकटीच येऊन बघितलं, तेव्हाही असंच लागलं होतं," ती म्हणाली. "मग पायरीवर तू मला उलटं शिकवलं होतंस ना गं? हो म्हण."