दहावा अल्बम

"त्या काळ्या कव्हरच्या अल्बमात गाणारीचा श्वास ठेवलाय, वहिनी. तिथून सगळं बदललं," वन्सं टेबलावर बोट आपटत म्हणाल्या. "त्याआधी श्वास ऐकू आला की आम्ही तो टेपमधून काढून टाकायचो. आजची पोरं निम्मं गाणं श्वासावरच गातात."

"आणि तो अल्बम घेतला किती जणांनी? साडेतीन?"

लायब्ररीत गाणी ऐकायची नवी खोली होणार होती. तिथल्या भिंतीवर दहा अल्बम लागायचे होते, ज्यांनी लोकांचं गाणंच बदलून टाकलं असे. वन्संची हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत गेलेली, म्हणून यादीचं काम त्यांच्याकडे आलं. आणि भांडल्याशिवाय वन्संना विचार करता येत नसे, म्हणून वहिनींकडे. तीन रविवारांत नऊ नावं ठरली होती. दहाव्यापाशी घोडं अडलं होतं. कागद आज संध्याकाळी द्यायचा होता.

"चहा टाकते," म्हणत वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, पण तोंड चालूच होतं. "तुमचा तो श्वास स्टुडिओतल्या चार माणसांना कळला. माझा पिवळ्या कव्हरवाला घ्या. आमच्या कारखान्यात शिलाईची चाळीस मशिनं. मुकादमाचा घसा बसायचा, पण दोन मशिनं कधी एका लयीत चालली नाहीत. तो अल्बम रेडिओवर लागला आणि चाळीसच्या चाळीस एका ठेक्यात! कॉलरी लावता लावता बायका कमरेतून डोलायच्या. लोकांचं गाणं ना? मग लोकांना विचारा की!"

बाहेरून उत्तर आलं, "हो. तुमचंच बरोबर आहे."

वहिनींच्या हातातला साखरेचा चमचा हातातच राहिला. चाळीस वर्षांत वन्सं त्यांना कधी बरोबर म्हणाल्या नव्हत्या. आमटीत मीठ किती, यावरसुद्धा नाही. आधी वहिनींची छाती फुगली. मग त्यांनी चमचा डब्यात परत टाकला.

गॅस बारीक करून त्या बाहेर आल्या. वन्सं खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. वहिनी त्यांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या, "वन्सं, मग दहाव्या नंबरावर तुमच्या दादांचं घोरणं लिहू?"

"लिहा की," वन्सं मान हलवत म्हणाल्या. "मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

वहिनींना हसू फुटलं आणि तिथंच विरलं. गेले कित्येक दिवस वन्सं आपल्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, तेही आत्ता आठवलं. आपल्याला वाटलं, नवे दात छान बसलेत म्हणून बघतायत.

त्या समोर आल्या, खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. "कधीपासून गं?"

'अहो-जाहो'खेरीज त्या वन्संशी कधी बोलल्या नव्हत्या. वन्संनी ते ओठांवरून वाचलं असावं. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"थंडीपासून. आधी डावा गेला. उजवा अजून आहे थोडा."

"डॉक्टर?"

"डॉक्टरांना काय सांगू? गाण्यात कुणाची खुर्ची करकरली तरी मला कळायचं. काचेपलीकडे वादक घड्याळ काढून ठेवायचे माझ्या धाकानं."

"मग मला सांगायचं."

"तुम्हाला?" वन्संचा आवाज चढला. आपण केवढ्यानं बोलतोय ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. "तुम्ही मला जपायला लागला असता. गोड गोड बोलला असता. म्हणाला असता, राहू दे वन्संचा तो श्वास, बिचाऱ्या! त्यापेक्षा मीच हो म्हणून टाकलं."

स्वयंपाकघरातून चहा उतू गेल्याचा वास आला. वहिनी उठल्या, गॅस बंद केला, डोळे पदराला न पुसता सरळ नळाखाली तोंड धुतलं. मग लायब्ररीला फोन लावून यादी आज मिळणार नाही म्हणून सांगितलं. दुसरा फोन कानाच्या डॉक्टरांना. "उद्या दहाला जायचंय," त्यांनी यादीच्या कोपऱ्यातच ठळक लिहून कागद वन्संपुढे सरकवला. वन्संनी वाचलं, नाक मुरडलं, पण खोडलं नाही.

वहिनींनी आपली खुर्ची उचलली, वन्संच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली आणि छातीभर श्वास घेतला.

"आता नीट ऐका!" त्या ओरडल्या. "तुमचा तो काळा अल्बम म्हणजे नुसती धाप आहे धाप! दम्याच्या बाईनं जिना चढावा तशी! माझ्या पिवळ्यानं चाळीस मशिनं नाचवली!"

वन्सं दचकल्या. मग त्यांच्या कपाळावरची शीर फुगली.

"साफ चूक!" त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "त्या पिवळ्यातला ठेका कुणाचा? उचललेला! आणि गाणारा चौथ्या ओळीत बेसूर! मशिनच्या खडखडाटात तुम्हाला काय डोंबल कळणार?"

"माझे कान शाबूत आहेत!"

"असून उपयोग काय!"

वहिनी खो खो हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेनात. वन्संना हसायचं नव्हतं, त्यांनी ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागले.

समोरच्या घराची खिडकी उघडली. तिथल्या शाळामास्तरीणबाई काळजीनं डोकावल्या. "सगळं ठीक आहे ना? भांडण झालंय का काही?"

वहिनी डोळे पुसत खिडकीशी गेल्या.

"झालंय कुठलं!" त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे सुरू झालंय."