एक ओळ

बरणी फुटली आणि हॉलमधलं बोलणं थांबलं. काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांना झाकणं लावणारं ते नवं यंत्र आज पहिल्यांदाच खऱ्या काचेवर चाललं होतं, तेही डेन्मार्कहून आलेल्या गिऱ्हाइकासमोर. डाव्या चिमट्याने उघडायचं, तर उजवा उघडला. यंत्र आपणहून थांबलं. खारं पाणी गुडरुनच्या बुटांपर्यंत ओघळत आलं.

गुडरुन या कारखान्यात जोडणीचं काम करता करता म्हातारी झाली होती. यंत्राचे चिमटे हवेच्या दाबाने उघडत-मिटत; त्या हवेच्या नळ्या तिच्या हातच्या. आणि यंत्राला हुकूम देणारा प्रोग्राम तिच्या मुलीचा, स्वेन्याचा. लोखंड कापलं जाण्याआधीच स्वेन्याने अख्खं यंत्र संगणकात उभं केलं होतं आणि हिवाळाभर आपला प्रोग्राम त्यावर चालवून पाहिला होता. तिथे तिने मुद्दाम बरण्या फोडल्या, चिमटे अडकवले, मध्येच हवा तोडली, आणि दर वेळी सापडलेली चूक काढून टाकली. पोरगी वरच्या मजल्यावर खेळत बसते, असं खाली सगळे म्हणत. गुडरुनही त्यात हसायची.

हॉलचा प्रमुख हाइनर मात्र हसत नसे. आज यंत्र धड चाललं नाही तर हा खेळ कायमचा बंद, असं त्याने सकाळीच बजावलं होतं. आता तो स्वेन्याजवळ सरकला.

"एक ओळ बदल, पोरी. डाव्याचं उजवं कर. पाहुण्यांचं ब्रेत्सेलच्या पावाला बटर लावून होईस्तोवर चालू होईल."

यात वावगं काहीच नव्हतं. गुडरुनच्या तरुणपणापासून असंच चालत आलेलं. प्रोग्राम लिहिणारे यंत्राशेजारी उकिडवे बसायचे, अडेल तिथे ठिगळ लावायचे, ती त्यांना कॉफी नेऊन द्यायची. अशी ठिगळं घेऊन कितीतरी यंत्रं जगभर गेली आणि चाललीही.

स्वेन्याने लॅपटॉप मिटला. बदलणार नाही म्हणाली. इथे प्रोग्राम वाकवला तर संगणकातलं यंत्र एक आणि हे दुसरंच होईल. उद्या डेन्मार्कमध्ये कुणी आराखडा बघून नळी बदलेल, आणि त्याची बोटं चिमट्यात जातील. हे सगळं तिने हळू आवाजातच सांगितलं.

"मग काय, लोखंड खोटं बोलतंय?" हाइनरने विचारलं.

स्वेन्या आईकडे वळली. जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "आई, नळ्या बघ."

सगळे गुडरुनकडे बघायला लागले. तिचे कान तापले. इतक्या वर्षांत तिला हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हणते कोण, तर शाळा सुटल्यावर याच हॉलच्या कोपऱ्यात खोक्यावर बसून गणितं सोडवणारी ही मुलगी. तूच बघ, असं तोंडावर आलं होतं तिच्या. पण स्वेन्याने मान खाली घातली नव्हती.

गुडरुन त्या खाऱ्या पाण्यात गुडघ्यांवर बसली. दोन नळ्यांतून हवा गळत होती म्हणून पाहुणे यायच्या आधी तिने त्या घाईघाईने बदलल्या होत्या. चिमट्यापासून ती बोटं फिरवत निघाली, आणि झडपेपाशी बोटं थांबली. सगळे तिच्या पाठीमागे होते. नळ्या गुपचूप फिरवून ती उठली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

ती नळ्यांना हात न लावता उठून उभी राहिली. गुडघ्यांवरून पाणी ठिबकत होतं.

"नळ्यांची अदलाबदल झालीय," ती हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या हातून. प्रोग्राम बरोबर आहे."

मग तिने नळ्या फिरवल्या.

बरण्या पुन्हा सरकू लागल्या. एका चिमट्यातून दुसऱ्यात गेल्या, झाकणं बसत राहिली. बराच वेळ नजर न हलवता बघणाऱ्या डेन्मार्कच्या पाहुण्याने अखेर ताटलीतला ब्रेत्सेल उचलला. हाइनर खिशात हात घालून उभा होता. "वाईट नाही," तो म्हणाला. त्या भागात याहून जास्त कौतुक कुणी करत नाही.

गुडरुन काचा गोळा करायला वाकली, तशी स्वेन्या तिच्या शेजारी येऊन बसली.

"रागावलीस?"

गुडरुनने मुलीच्या हाताखालची मोठी काच आधी बाजूला घेतली.

"पुढच्या वेळी जरा मोठ्यांदा सांग," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं."